तर्रीचा तवंग अडवणारी पेटी : सिंकशेजारच्या स्टील ग्रीस ट्रॅपची पारख

सांगली-मिरज पट्ट्यात मिसळीचं हॉटेल, मटणाची खानावळ किंवा भडंग-फरसाणाचा छोटा कारखाना चालवणाऱ्यापुढे ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-चरबी गटारात जाण्याआधी अडवणारं साधन, म्हणून येते ती स्टेनलेस स्टीलची चौकोनी पेटी. इथे पारखली आहे ती ६०० मिमी लांब, ४०० रुंद, ४०० उंच. आत खरकटं अडवणारी जाळीची टोपली, मधे दोन आडपत्रे, बाहेर जाणाऱ्या तोंडाला 'टी' आकाराचा पाइपजोड आणि वर चार क्लॅम्पचं झाकण. फॅब्रिकेटरला माप दिलं की तो अशीच करून देतो, तयारही मिळते.

निकाल आधी सांगून टाकू. दोन सिंकच्या स्वयंपाकघराला ही पेटी पुरते आणि चांगलं काम करते, पण तीन गोष्टी असल्या तरच: आत येणाऱ्या पाण्याचा वेग बांधणारी चकती, वर ओढून काढता येणारे आडपत्रे आणि झाकणाखाली नायट्राइलचं, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या रबराचं गॅस्केट. यातली पहिली नसेल तर तो नुसता स्टीलचा डबा आहे. तेल एका तोंडातून आत येतं, दुसऱ्यातून निघून जातं आणि मालक म्हणतो, ट्रॅप बसवूनही लाईन तुंबते.

लिटरचा आकडा बघून पेटी घेऊ नका. या मापाची पेटी '९६ लिटर' म्हणून विकली जाते. काठोकाठ भरली तर तेवढं पाणी मावतं हे खरं. पण बाहेर जाणारं तोंड तळापासून ३०० मिमीवर असतं, म्हणजे कामाचं पाणी ७२ लिटर. आता सिंक मोजा. २४ बाय १८ इंचांचं, १० इंच खोल सिंक घेतलं तर त्यात ७० लिटर मावतात; पाऊण भरलेलं धरलं तर ५३. बुच काढलं की हे पाणी साधारण मिनिटभरात खाली येतं. ७२ लिटरच्या पेटीत मिनिटाला ५३ लिटर, म्हणजे पाणी आत थांबतं जेमतेम ८० सेकंद.

तेवढ्यात काय होतं? तेलाचा १५० मायक्रॉनचा, म्हणजे ०.१५ मिमीचा थेंब पाण्यात सेकंदाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास वर चढतो. ३० सेंटिमीटर चढायला त्याला चार मिनिटं लागतात. म्हणजे ८० सेकंदांत तो जेमतेम १० सेंटिमीटर वर येतो आणि खालच्या अंगाला असलेले थेंब सरळ बाहेर जातात. तोच प्रवाह मिनिटाला २५ लिटरवर बांधला की पाणी आत जवळजवळ तीन मिनिटं थांबतं आणि बरेचसे मोठे थेंब वर पोचतात. पेटी तीच, पत्रा तोच. फरक एका भोकाच्या चकतीचा.

ही चकती सिंकच्या खाली, पेटीच्या आधी, सरळ पाइपात बसते. पाण्याची उंची अर्धा मीटर धरली तर मिनिटाला २५ लिटरसाठी भोक १६-१७ मिमीचं लागतं. बसवल्यावर अंदाजावर जाऊ नका. पेटीत शिरणारा पाइप सोडवा, खाली २० लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. ४८ सेकंदांत भरली तर हिशेब जमला, २५ सेकंदांत भरली तर भोक मोठं आहे. चकतीच्या पुढे हवा आत यायला छोटी उभी नळी हवी, नाहीतर पाणी गचके खात उतरतं. दोन्ही सिंक एकदम सोडली जाणार असतील तर दोघांची लाईन आधी एक करून त्या एकाच लाईनवर चकती घाला. प्रत्येक सिंकला वेगळी घातली तर पेटीला दुप्पट पाणी मिळतं.

चकतीची अडचणही खरी आहे. १७ मिमीच्या भोकात तमालपत्र, कोथिंबिरीचा देठ, नळीच्या हाडाचा तुकडा असं काहीही अडकतं, म्हणून सिंकच्या तोंडावर वेगळी जाळी लागतेच. शिवाय सिंक रिकामं व्हायला मिनिटाऐवजी दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या वेळी भांडी घासणाऱ्या मावशींना हे खपत नाही. मग कुणीतरी गज घालून भोक मोठं करतं किंवा चकतीच काढून ठेवतं, आणि पेटी पुन्हा डबा होते. मावशींना कारण आधी समजावून सांगणं आणि चकती नटात पक्की बसवणं, दोन्ही लागतं.

साबणाचा मुद्दा विक्रेते टाळतात. भांड्यांचा पातळ साबण तेलाचे बारीक थेंब करतो. तेच त्याचं काम. ५० मायक्रॉनचा थेंब १५० वाल्याच्या नवव्या हिश्श्याने चढतो, त्याला ३० सेंटिमीटरला ३७ मिनिटं लागतात. म्हणजे साबणाने फोडलेलं तेल ही पेटी अडवत नाही, अडवू शकतही नाही. अमेरिकेतल्या पीडीआय जी-१०१ या चाचणीत ट्रॅपने किमान ९० टक्के चरबी अडवावी लागते, म्हणून जाहिरातीत हा आकडा मिरवला जातो. पण ती चाचणी डुकराच्या चरबीवर घेतात, तर्री आणि साबण कालवलेल्या पाण्यावर नाही. युरोपचं ईएन १८२५ मानक जास्त प्रामाणिक वाटतं. साबण वापरणार असाल तर क्षमता १.३ पट धरा आणि पाणी ६० अंशांच्या वर असेल तर आणखी १.३ पट, असं ते सांगतं. दोन्ही असतील तर जवळपास १.७ पट पेटी लागते. त्यामुळे उकळत्या पाण्याने भांडी धुणाऱ्याने ही ७२ लिटरची घेऊच नये.

उपाय पेटीच्या बाहेर आहे आणि फुकट आहे. मिसळीच्या ताटलीत राहिलेला कट, कढईच्या कडेचं तेल, रश्श्याच्या पातेल्याला चिकटलेली चरबी आधी रबरी पट्टीने किंवा जुन्या कागदाने निपटून खरकट्यात टाका, मग भांडं सिंकमध्ये घाला. पेटीत जमणारा माल यानेच कमी होतो आणि साबणही कमी लागतो.

आता पत्रा. '३०४ आहे', म्हणजे स्टेनलेस स्टीलची चांगली प्रत आहे, असं सगळेच सांगतात. लोहचुंबक लावून पाहणं बिनकामाचं, कारण स्वस्त २०२ सुद्धा ३०४ सारखाच चुंबकाला दाद देत नाही. २०२ ला मिठाच्या आणि आंबलेल्या खरकट्याच्या पाण्यात वेल्डिंगच्या कडेने तांबूस ठिपके पडतात आणि गळती तिथूनच सुरू होते. पत्रा विकणाऱ्याकडे थेंब टाकून ओळखायचं द्रावण मिळतं, ते वेल्डपासून दूर, घासून स्वच्छ केलेल्या जागी टाकून बघा. दुसरी सोपी परीक्षा वजनकाट्यावर. पेटी, झाकण, दोन आडपत्रे आणि टोपली मिळून साधारण १.७ चौरस मीटर पत्रा लागतो. १.२ मिमीचा पत्रा असेल तर वजन १६ किलोच्या आसपास भरतं, १.५ मिमी असेल तर २०. काटा ११ दाखवत असेल तर पत्रा ०.८ चा आहे. असल्या पेटीचा तळ पाण्याच्या भाराने फुगतो आणि आडपत्रा खाचेतून सुटतो. वेल्ड आतूनही सलग हवा. नुसते टाके मारून वर सिलिकॉन ओढलेलं असेल तर ती पेटी घेऊ नका.

आडपत्रे पेटीला कायमचे वेल्ड केले की मधल्या कप्प्याच्या कोपऱ्यात हात जात नाही. तिथे साठलेला गाळ कुजतो आणि झाकण कितीही दाबून बसवलं तरी वास येतो. खाचेत सरकणारे पत्रे हवेत, पण खाच घट्ट हवी. बाजूला पाच-सहा मिमी फट राहिली तर तवंग तिथून पुढे सरकतो. पहिला पत्रा येणारं पाणी खाली वळवतो, दुसऱ्याच्या खाली तळापासून सुमारे ७५ मिमी मोकळी जागा असते, म्हणजे पुढे जातं ते मधलं स्वच्छ पाणी. बाहेरच्या 'टी'चा खालचा पाय पाण्यात बुडलेला आणि वरचं तोंड उघडं हवं. वरचं तोंड बंद केलं, तर पाइप भरून वाहू लागताच सायफन लागतो आणि पेटी एका दमात उपसली जाते, वरच्या तेलासकट. काही पेट्यांत टीऐवजी साधं बेंड लावतात. ते चालत नाही, बदलून घ्या.

गॅस्केटची गोष्ट छोटी, पण वासाची तक्रार बहुतेक वेळा इथेच निघते. साधं रबर तेलात फुगतं, ईपीडीएम हे कृत्रिम रबरही फुगतं. महिन्या-दोन महिन्यांत ते झाकणाच्या कडेला लाटेसारखं उठतं. नायट्राइल तेलाला टिकतं. पेटीबरोबर एक जादा गॅस्केट मागून ठेवा.

बसवताना बहुतेकांची चूक एकच. सिंकखाली मापात बसते म्हणून पेटी तिथे ढकलतात. ओट्याखालची मोकळी उंची साधारण ६०० मिमी, पेटी ४०० ची, वर उरतात २००. टोपली बाहेर काढायला त्याहून जास्त जागा लागते, म्हणून ती कधी निघतच नाही. पेटी सिंकच्या बाजूला, झाकण पूर्ण उघडेल अशा जागी ठेवा किंवा लादीत खड्डा करून अर्धी उतरवा. लेव्हल ट्यूबने सपाट करून घ्या. पुढचा ७५ मिमीचा पाइप ४० ला १ उताराने न्या आणि प्रत्येक वळणावर झाकणाचा तुकडा ठेवा, म्हणजे साफ करता येईल. सांगलीच्या काळ्या मातीत हे जास्त जपावं लागतं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पुरलेला पाइप मधेच झुकतो आणि त्या पोटात तेल साचून राहतं. पाइपाखाली वाळूचा थर द्या. संडासची लाईन या पेटीत कधीही जोडू नका. फरशी धुण्याची मोरी जोडायची असेल तर वेगळ्या जाळीतून आणा, कारण झाडूने लोटलेली माती पेटीचा तळ लवकर भरते.

आणि पहिल्या दिवशी पेटी गार पाण्याने भरून मगच सिंक वापरा. रिकाम्या पेटीत आडपत्र्याखालून तेल सरळ पुढे जातं.

साफसफाईचं वेळापत्रक विक्रेत्याच्या कागदावरून ठरवू नका, मोजून ठरवा. वरचा तेलाचा थर आणि तळचा गाळ मिळून पाण्याच्या उंचीच्या २५ टक्के झाले की पेटी साफ करायची, हा जगभर वापरला जाणारा नियम. ३०० मिमीला ७५ मिमी. मोजायला २५ मिमीची पारदर्शक नळी पुरे. ती हळूच तळापर्यंत उभी घाला, वरचं तोंड अंगठ्याने बंद करा, बाहेर काढा. वरचा पिवळा थर आणि खालचा काळा पट्टीवर मोजा. तळचा थर फार घट्ट असेल तर तो नळीत नीट येत नाही, मग चपट्या टोकाची काठी वापरा. पहिले पंधरा दिवस रोज मोजलं की तुमच्या हॉटेलचा आकडा कळतो. मटणाच्या खानावळीला तीन-चार दिवसांनी पेटी उघडावी लागली तर नवल नको. पोहे-उपम्याच्या टपरीला आठवडाही पुरेल. टोपली मात्र रोज रात्री रिकामी करायची.

साफ करायची ती सकाळी, पहिलं पाणी सोडण्याआधी. रात्रीत वरचा थर गार होऊन सायीसारखा धरतो आणि झाऱ्याने अख्खा निघतो. दुपारी तोच पातळ होऊन झाऱ्यातून ओघळतो. क्रम असा: टोपली काढा, वरचा थर झाऱ्याने बादलीत घ्या, मग आडपत्रे ओढा, तळचा गाळ मगने काढा, भिंती प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. तारेचा घासा नको, पत्र्यावर ओरखडे पडून तिथेच गंज धरतो. पत्रे परत घाला आणि गार पाण्याने पेटी भरा. गरम पाणी आणि साबण ओतून पेटी 'चकाचक' करण्याचा मोह होतो. त्याने आतलं सगळं तेल वितळून पुढच्या लाईनमध्ये जातं, म्हणजे आठवडाभर अडवलेलं दहा मिनिटांत सोडून दिलं. एका माणसाला हे काम वीसेक मिनिटांचं आहे.

निघालेला माल उघड्या गटारात टाकायचा नाही हे सांगायला नकोच, तरी टाकतात. लाकडाच्या भुशात कालवून, पिशवी बांधून घनकचऱ्यात द्या. जुनं तेल गोळा करणाऱ्याच्या कॅनमध्ये तो मिसळू नका. त्यात पाणी, गाळ आणि साबण असतो, सगळा कॅन नासतो. तळणीचं उरलेलं तेल ही वेगळी गोष्ट. त्याला पेटीत जागाच नाही. २०१८ च्या जुलैपासून एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे टीपीसी (पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात साठणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल स्वयंपाकाला चालत नाही, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या रुको योजनेत असं तेल बायोडिझेलसाठी दिलं जातं. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्याला त्याची नोंदही ठेवावी लागते. कढईतलं दोन लिटर जुनं तेल सिंकमध्ये ओतलं की पेटीची अख्ख्या दिवसाची मेहनत वाया.

पेटीबरोबर 'महिनाभर उघडायची गरज नाही' म्हणून जिवाणूंची पावडर किंवा एन्झाइमचा कॅन गळ्यात मारला जातो. त्यावर पैसे घालवू नयेत असंच मत आहे. जिवाणूंना तेल पचवायला वेळ लागतो आणि या पेटीत पाणी तीन मिनिटं थांबतं. वरून ब्लीचिंग, फिनेल, गरम पाणी पडलं की तेही मरतात. एन्झाइम तेल तोडतात, पण त्यातून सुटणारी फॅटी ॲसिडं पाण्याबरोबर पुढे जातात. खरी गोम पुढेच आहे. या ॲसिडांना बोअरच्या जड पाण्यातलं आणि सिमेंटच्या पाइप-चेंबरमधलं कॅल्शियम मिळालं की चुन्याचा साबण तयार होतो: करडा-पांढरा, ठिसूळ, पाइपाच्या भिंतीला दगडासारखा चिकटणारा. तो गरम पाण्याने वितळत नाही, म्हणून उकळतं पाणी ओतून जुनी तुंबलेली लाईन सुटत नाही. उलट पीव्हीसीचे सांधे ढिले होतात. कॉस्टिक सोडा टाकला तर थर थोडा मऊ होऊन पुढच्या वळणावर पुन्हा बसतो, आणि सोड्याची गरमी हाताला भाजते ती वेगळी. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात २५० मीटर लांबीचा, १३० टनांचा असा गोळा सापडला होता, त्यात कचऱ्याबरोबर हेच सगळं होतं. आपल्याकडे गोळा एवढा मोठा होत नाही, कारण आपली लाईन त्याच्या कितीतरी आधी रस्त्यावर येते. जुना थर निघतो तो जेटिंग मशीनच्या दाबाच्या पाण्याने. म्हणून पेटी बसवण्याआधी पुढची लाईन एकदा जेटिंगने साफ करून घ्या, नाहीतर जुन्या थराचं खापर नव्या पेटीवर फुटतं.

विटांचा चेंबर की स्टीलची पेटी, हा प्रश्न मंगल कार्यालयाला वेगळा आणि खानावळीला वेगळा. कार्यालयात एका जेवणावळीला पाणी मिनिटाला १०० लिटरने येऊ शकतं. अर्धा तास थांबवायचं तर ३००० लिटरचा बाहेरचा चेंबरच लागतो, तिथे या पेटीचा विषयच नाही. मात्र विटांच्या चेंबरचा सिमेंट गिलावा तेलाच्या आम्लाने झिजतो, म्हणून आतून इपॉक्सी किंवा फरशी हवी. आणि तो साफ करायला माणूस आत उतरवायचा नाही. आतल्या सडक्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून गटार किंवा सेप्टिक टँक साफ करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सक्शनची गाडी बोलवा.

सरकारी मापाचंही बघू. सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत आणि नदी-ओढ्यात १० पर्यंत, ही पर्यावरण नियमांतली मर्यादा. साबणाचं पाणी जात असेल तर ही पेटी एकटी २० च्या आत आणून देईल असा भरवसा कुणी देत असेल, तर त्याच्याकडून ते लिहून घ्या आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून बघा. शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत जातं हा सांगलीतला जुना विषय आहे. त्यातलं तरंगणारं तेल ही पेटी कमी करते, साबणाने फोडलेलं नाही.

नदीकाठच्या गावभागासारख्या सखल जागी एक जादा खर्च धरा. २००५ आणि २०१९ च्या पुरांचं सोडा, कृष्णा त्याहून बरीच खाली असतानाही ड्रेनेज उलटं येऊ शकतं. तेव्हा पेटीतला सगळा तवंग वर येऊन स्वयंपाकघरात पसरतो आणि फरशीवरून तो काढणं हे पुराच्या गाळाहून वाईट काम आहे. पेटीच्या पुढे, बाहेरच्या बाजूला उलटं पाणी अडवणारा फ्लॅप व्हॉल्व्ह बसवा. पेटीच्या आधी बसवला तर त्याच्या झडपेवर चरबी बसून ती अर्धी उघडीच राहते. जूनच्या सुरुवातीला पेटी पूर्ण साफ करा, झडप हाताने उघडून-मिटून बघा, आणि नदी वाढल्याची बातमी आली की सिंक बंद करून झाकणाचे चारही क्लॅम्प आवळून ठेवा.